नरसव्वाने एकदाच ऐकलं

नरसव्वाला कुठलीही गोष्ट सांगितली की ती आधी "एमो" म्हणायची. तेलुगूत याचा अर्थ 'कोण जाणे'. मी तिला सांगितलं की पाळण्यातल्या चादरी रोज उन्हात घालायच्या. एमो. बाळाला दुधाची बाटली दिली तर ती उकळून घ्यायची. एमो. डॉक्टर म्हणतात, पेठेतल्या विहिरीचं पाणी वाईट आहे. एमो. मग ती स्वतः बघायला जायची. पटलं तर माझ्याआधी करायची आणि नाही पटलं तर तिच्याकडून ते कुणालाच करवून घेता यायचं नाही.

केंद्र म्हणजे सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर तराजू, बाक आणि भिंतीवर मोठं घड्याळ. आत दोन पाळणे आणि पाणी उकळायचा स्टोव्ह. शहरातल्या काही शिकलेल्या बायकांनी वर्गणी करून ते सुरू केलं होतं. विणकरांच्या आणि गिरणीत जाणाऱ्या बायका आठवड्यातून एकदा तिथे मुलं वजनाला आणायच्या. एकोणीसशे तीसच्या पुढचे ते दिवस. मी पुण्याला नर्सिंग शिकून नुकतीच आले होते, वय चोवीस. नरसव्वा पेठेतली सुईण. तिला केंद्रात ठेवलं होतं, कारण ती नसती तर पेठेतली एकही बाई आमच्या पायऱ्या चढली नसती. सगळ्या तिला अव्वा म्हणायच्या. त्यातल्या निम्म्याअधिक तिच्याच हातावर जन्मल्या होत्या.

तेव्हा ती पन्नाशीची असेल. उंच, हडकुळी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी. लहानपणापासून सूत ओढल्यामुळे उजव्या हाताच्या तर्जनीला एक खोलगट रेघ पडलेली. बाकावर ती कधी बसली नाही. तराजूशेजारी जमिनीवर बसायची, आणि मूल आलं की तराजूवर ठेवण्याआधी दोन्ही तळहातांवर घ्यायची. डोळे मिटायची. मग वजन सांगायची, शेर-छटाकात. मी तराजूवर ठेवून पौंडात सांगायचे आणि हिशेब करून तिला तिच्या मापात परत सांगायचे. चुकलं असेल तर ती ते मूल पुन्हा उचलायची आणि चूक हातात मुरेपर्यंत धरून बसायची. आया खोळंबायच्या, मी वहीवर पेन्सिल आपटायचे. एकदाच ती म्हणाली की तराजू खोटं बोलतो. मी हसले. तिने पारडं उचलून दाखवलं. खाली चादरीची एक चिंधी अडकली होती. त्या सकाळची अकरा मुलं मला परत बोलवावी लागली, आणि त्या अकरा आयांना नरसव्वाने घरोघर जाऊन माझं नाव न घेता सांगितलं की तराजू आजारी होता.

मी तेव्हाही याद्या करायचे, आताही करते. सकाळी कामाला बसण्याआधी दिवसाची यादी, संध्याकाळी तिच्यावर खुणा. नरसव्वाला हे फार गमतीचं वाटायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती एकदा म्हणाली, "बाई, तुमी काम करता का कागदाला खुश करता?" मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण ती फक्त आमच्या कागदावरच शंका घ्यायची असं नाही. पेठेतल्या म्हाताऱ्या तिला आमच्यापेक्षा जास्त घाबरायच्या. बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा आणि तीन दिवस बाळाला मधाचं बोट द्यायचं, ही तिथली रीत. नरसव्वाने स्वतःच्या तीन मुलांना तसंच केलं होतं. चौथ्याच्या वेळी शेजारची गाय व्यायली आणि शेजारणीने वाटीभर खरवस आणून दिला. खरवस खाताना तिच्या मनात आलं की गाईचा चीक आपण मागून आणून खातो, मग आपला का टाकतो? तिने त्या मुलाला पहिल्या दिवसापासून पाजलं. सासूने आरडाओरडा केला. मूल टुणटुणीत राहिलं. तरी ती लगेच सगळ्यांना सांगत सुटली नाही. पेठेतली आणखी तीन बाळंतपणं केल्यावर, तिन्हीकडे बघून झाल्यावर, मग सांगू लागली. एका म्हातारीने तिला बजावलं होतं की आमच्या आज्यापणज्या काय खुळ्या होत्या का? नरसव्वा म्हणाली, "खुळ्या नसतील की. पन त्यांनी बी कुनाला तरी न इचारताच केलं असंल."

तिचं आणि माझं खरं भांडण झालं ते सुरीवरून. मागावरचे धागे कापायची छोटी सुरी प्रत्येक विणकराच्या घरात असते. नाळ त्याच सुरीने कापायची, अशी रीत. मी सांगितलं, सुरी वीस मिनिटं उकळा. बाळं आठव्या दिवशी ताठ होऊन जातात ती त्या सुरीमुळे. पेठेत म्हणत, सटवाईने नेलं. मी म्हटलं, सटवाई नाही, जंतू. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात.

नरसव्वा म्हणाली, "सटवाई बी दिसत न्हाय, तुमचा जंतू बी दिसत न्हाय. मी कुनाला मानू?"

तिनेच मार्ग काढला. काही घरं सुरी उकळू देत होती, काही देत नव्हती; सुरीची धार जाते म्हणायची. ती दोन्हीकडे जात होती. तिने दोन दोरे केले, एक पांढरा, एक तांबडा. न उकळलेल्या सुरीचं बाळंतपण झालं की पांढऱ्याला गाठ, उकळलेल्या सुरीचं झालं की तांबड्याला. मूल आठव्या-दहाव्या दिवशी ताठ होऊन गेलं तर त्या गाठीत काळा धागा ओवायचा. वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मी विसरूनही गेले होते. एका दुपारी ती आली आणि तिने दोन्ही दोरे माझ्या टेबलावर पसरले. दोन्ही जवळजवळ सारख्या लांबीचे. पांढऱ्यात चार काळे धागे होते. तांबड्यात एकही नव्हता.

मला आनंद झाला. मी ते दोरे डॉक्टरांना दाखवायचे म्हणून उचलायला गेले, तर तिने हात ठेवला. "थांबा की. आदी मला बगू द्या." ती बोटाने एकेका काळ्या धाग्याला हात लावत होती आणि तेलुगूत नावं घेत होती. कुणाचं, कुठल्या गल्लीतलं. त्या दिवसापासून तिने उकळल्याशिवाय सुरी वापरली नाही. एका घरात सुरी उकळू देईनात, तर ती नाळ न कापता तशीच बसून राहिली आणि शेवटी त्या घराला पाणी ठेवावं लागलं.

लोक म्हणायचे, अव्वा हट्टी. ते बरोबर नाही. हट्टी माणूस असे दोरे ठेवत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईहून एक मोठे डॉक्टर आले. विलायतेला शिकून आलेले, बालसंगोपनावर व्याख्यानं देत गावोगाव फिरणारे. त्यांनी मोठमोठी चित्रं लावून आयांना समजावलं की मुलाला घड्याळावर पाजायचं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. मधे नाही, रात्री तर मुळीच नाही. रडलं तरी उचलायचं नाही. त्याने पचन सुधारतं, शिस्त लागते, आईला आराम मिळतो. त्यांनी छापील कागद आणले होते. मला ते फार आवडले. चौकोन आखलेले होते, खुणा करायला जागा होती.

व्याख्यान संपल्यावर नरसव्वाने विचारलं की हे घड्याळ कुणाच्या मुलांवर बघून ठरवलं. डॉक्टर हसून म्हणाले, मोठ्या इस्पितळात, शेकडो मुलांवर. ती म्हणाली, जन्मताना ती केवढी असतात? ते म्हणाले, साधारण साडेसात पौंड. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मापात सांगितलं. ती म्हणाली, आमची तुमच्या पौंडात पाच-साडेपाच असतात, एवढुसं पोट, एका बारीला किती धरणार? डॉक्टरांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं आणि सांगितलं की शास्त्र सगळीकडे सारखंच असतं. नरसव्वा काय म्हणाली ते सगळ्यांना माहीत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

आमचे नेहमीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. सज्जन माणूस, गरिबांच्या घरी चालत जाणारा. त्यांनी तो कागद मान्य केला आणि मी भिंतीवर चिकटवला.

त्या उन्हाळ्यात नरसव्वाची मुलगी अनसूया बाळंतपणाला आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगी झाली. नरसव्वाने नातीला तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच वजन सांगितलं नाही. तराजूवर चार पौंड दोन औंस भरलं. पाजल्यावर ती ओकायची. डॉक्टर आले, त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं की पोट नाजूक आहे, सारखं पाजलं तर बिघडेल. घड्याळ काटेकोर पाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसव्वा केंद्रात आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. तिने अशी तीन मुलं वाढवायचा प्रयत्न केला होता म्हणाली. आईच्या उराशी बांधून ठेवायचं, आणि दिवसभर जरा जरा, कापसाच्या वातीने का होईना, दूध देत राहायचं. दोन जगली, एक गेलं. "ते एक कशानं गेलं ते मला कळलं न्हाय, बाई. मी सारकं पाजलं म्हनून बी गेलं असंल." मग तिने मला विचारलं, "तुमाला काय वाटतं?"

आमच्या एवढ्या वर्षांत तिने मला असं कधी विचारलं नव्हतं. मी तोवर एकही चार पौंडाचं मूल वाढवलेलं नव्हतं, वाढताना बघितलेलंही नव्हतं. मी कागद वाचला होता. मला वाटत काहीच नव्हतं, हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते सांगतात तसं करा."

"सुरीच्या बारीला मी आयकलं न्हाय," ती म्हणाली. "चार पोरं गेली. ह्या बारीला आयकते."

मी एक कागद घेतला, वरती अनसूयाचं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिला. तिच्या घरी घड्याळ नव्हतं. सकाळी-संध्याकाळी सहाला गिरणीचा भोंगा असायचा, बाकीच्या वेळा कळायला काही नव्हतं. दिवसाच्या वेळांना ती केंद्रात येऊ लागली. काटे कसे बघायचे ते मी तिला शिकवलं. दहा वाजायच्या आधी अर्धा तास आणि दोन वाजायच्या आधी अर्धा तास ती भिंतीवरच्या घड्याळाखाली येऊन उभी राहायची. रात्री दहाला तिचा मुलगा चौकीवरून वेळ विचारून यायचा. घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. बाळ मधल्या वेळात रडत असायचं, ते ऐकू येऊ नये म्हणून ती इतकी लवकर येते, हे मला कळत होतं. उन्हाने डांबर वितळायचे ते दिवस. तिला बस म्हटलं तरी बसायची नाही. काटा वर सरळ झाला की निघायची, जवळजवळ पळतच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी होती. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "जा नरसव्वा, पाच मिनिटांनी काय होतंय."

"काटा सरळ झाला न्हाय अजून," ती म्हणाली. "अर्दवट आयकलं तर काय कळनार, बाई? आयकायचं तर पुरतं आयकायचं."

पहिल्या आठवड्यात वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचंच उतरतं. ते खरं होतं. सातव्या दिवशी नरसव्वाने येऊन सांगितलं की आता पोर रडत नाही. मी कागदावर त्या दिवसाच्या चौकोनात 'शांत' असं लिहिलं. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, तेही खूश झाले. म्हणाले, बघा, सवय लागली. मी नरसव्वाला हे सांगितलं तेव्हा ती एमो म्हणाली नाही.

नवव्या दिवशी ती सकाळी अकरालाच आली. अकरा ही कुठलीच वेळ नव्हती. तिने घड्याळाकडे बघितलंही नाही. "बाई, चला," एवढंच म्हणाली.

अनसूया भिंतीला टेकून बसली होती. तिची चोळी दोन्ही बाजूंनी दुधाने भिजली होती. मांडीवर बाळ. टाळू खोल गेलेली, ओठ कोरडे. अनसूया तिला छातीशी धरत होती आणि बाळाचं तोंड उघडतच नव्हतं. नरसव्वाने कापसाची वात केली, दुधात बुडवली, ओठांवर पिळली. दूध गालावरून खाली ओघळलं. तिने पुन्हा पिळली. मी डॉक्टरांना निरोप पाठवला. ते आले, त्यांनी जे करता येतं ते केलं. नरसव्वा तोवर वात सोडत नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टरांनी तिचा हात धरून थांबवला.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की आठव्या महिन्याचं मूल, कसंही गेलंच असतं. तसंही असेल. मी आज पंचेचाळिशी ओलांडली आहे, किती तरी मुलं हाताखालून गेली आहेत, आणि तरी मला ते नक्की माहीत नाही. पुढे काही वर्षांनी नवा छापील कागद आला. त्यात लिहिलं होतं की कमी वजनाच्या मुलांना दर दोन तासांनी, गरज पडल्यास त्याआधीही, रात्रीसुद्धा. जुन्या कागदाबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

बाळ गेल्यावर बाराव्या दिवशी नरसव्वा कामावर आली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले की चूक माझी. तिने माझ्या खांद्यावरची पिन वाकडी झाली होती ती सरळ केली.

"तुमची कसली. तुमी कागद बगत होता," ती म्हणाली. "मी पोर बगत होते."

याच्या पलीकडे तिने त्याबद्दल कधी एक शब्दही काढला नाही. अनसूयाला त्या पावसाळ्यात सासरी, कुंभारीला, पोचवून आली. डॉक्टरांना पूर्वीसारखंच हात धुवायला पाणी द्यायची. मी घड्याळाचा कागद भिंतीवरून काढला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, लहान मुलांसाठी मी तो वापरणार नाही, असं सांगितलं. ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी घातला नाही.

पण नरसव्वा बदलली. मूल आलं की ती सरळ तराजूवर ठेवायची. तळहातांवर घेणं बंद झालं. एखादी आई विचारायची, अव्वा, याला खोकला आहे, काय करू? ती म्हणायची, बाई सांगतील. म्हाताऱ्या तिच्यादेखत बाळाच्या डोळ्यांत काहीबाही घालायच्या आणि ती बघत राहायची. मी मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगून बघितलं. आंघोळीचं पाणी कढत हवं म्हटलं. तिने मान हलवली आणि कढत पाणी आणायला निघाली. मला ती बादली तिच्या हातातून काढून घ्यावी लागली. इतकी वर्षं मी या बाईने माझं ऐकावं म्हणून धडपडत होते. आता ती सगळ्यांचंच ऐकत होती.

वर्षभराने तिने काम सोडलं. दृष्टी कमी झाली असं कारण दिलं. मला बार्शीला चांगली जागा मिळाली आणि मीही गेले.

दोन वर्षांनी कामासाठी सोलापुरात आले तेव्हा यादीत सर्वांत वर तिचं नाव लिहिलं होतं. ती दारात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. रहाट फिरवत होती आणि डोळे सुतावर नव्हते, बोटावरच धागा कळत होता. मला बघून हसली. चहा ठेवायला उठू लागली, मी बसवलं. अनसूयाला मुलगा झालाय, म्हणाली. बरा हाय. किती पौंडाचा, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक तान्हं मूल रडायला लागलं. बारीक, तुटक आवाज. रहाट थांबला. एक कोवळी पोर उंबऱ्यात आली, हातात केंद्राचा घडी घातलेला कागद. तोच जुना, घड्याळाच्या वेळांचा, कुणीतरी जपून ठेवलेला. तिने विचारलं, अव्वा, तासापूर्वीच घेतलंय, परत घेऊ का?

मी नरसव्वाकडे बघितलं. "सांगा तिला," मी म्हटलं.

तिने सूत खाली ठेवलं. "तुमी सांगा, बाई."

मी त्या पोरीला म्हटलं, भूक लागलीय त्याला, पाज, कागद फाडून टाक. ती आत गेली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मी बार्शीच्या गोष्टी सांगू लागले. नरसव्वाचा हात रहाटावर होता, पण तो फिरत नव्हता. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या भिंतीकडे कान देऊन बसली होती. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, शेजारच्या दारापर्यंत गेली आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली. पुढे होऊन तिने बाळाच्या गालाला बोट लावलं असावं, कारण त्या पोरीने हसून काहीतरी म्हटलं.

परत आली, बसली, सूत हातात घेतलं.

"पितोय," नरसव्वा म्हणाली, आणि रहाट फिरवायला लागली.